घटनादुरुस्तीला संयुक्त बैठक चालत नाही

'राज्यसभेने अडवलं तरी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक घेऊन लोकसभा आपलंच खरं करते' असं एक मत आहे, ते साध्या विधेयकांपुरतं बरोबर. तसं आजवर तीनदाच झालंय: हुंडाबंदी (१९६१), बँकिंग सेवा आयोग रद्द करणं (१९७८) आणि पोटा हा दहशतवादविरोधी कायदा (२००२). धन विधेयकात (कर, सरकारी खर्च अशा विषयांच्या) तर १४ दिवसांत शिफारशी करण्यापलीकडे राज्यसभेच्या हाती काही नाही. हे मलाही खटकतं.

पण त्या मतात घटनादुरुस्तीचा विचारच नाही. कलम ३६८ नुसार प्रत्येक सभागृहात स्वतंत्रपणे एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात. तिथे संयुक्त बैठकीची पळवाट नाही. सप्टेंबर १९७० मध्ये माजी संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे बंद करणारं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत पास झालं; राज्यसभेत बाजूने १४९, विरोधात ७५. २२४ चे दोन तृतीयांश १४९.३३, म्हणजे हवी होती १५० मतं. एका मताने विधेयक पडलं! सरकारने लगेच राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढली, तोही आदेश सुप्रीम कोर्टाने डिसेंबरात रद्द केला. तनखे बंद झाले ते १९७१ च्या निवडणुकीनंतर, २६ व्या घटनादुरुस्तीने.