१९६६ च्या बीटलसाठी टायर: ५.६०-१५ च्या जागी नेमके कोणते माप घ्यावे?

वातशीत:
माझ्याकडे १९६६ ची फोक्सवॅगन बीटल १३०० आहे. गाडीच्या पुस्तिकेत टायरचे माप ५.६०-१५ असे दिले आहे. चाके मूळचीच, म्हणजे ४जे × १५ मापाची (४ इंच रुंद, १५ इंच व्यासाची) आहेत. सध्याच्या टायरांची नक्षी अजून बरीच शिल्लक आहे. परंतु बाजूच्या भिंतींवर केसासारख्या बारीक भेगा दिसू लागल्या आहेत आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यास गाडी पूर्वीपेक्षा लवकर घसरते. त्यामुळे टायर बदलायचे हे नक्की केले आहे.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, मूळ मापाचे क्रॉसप्लाय (आतील दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे असलेले जुन्या पद्धतीचे टायर); दुसरा, १६५/८० आर १५ रेडियल (दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ गेलेले आजचे टायर); आणि तिसरा, टायरविक्रेत्याने सुचवलेला १९५/६५ आर १५, कारण तो कुठेही सहज मिळतो आणि त्याच्या मते 'रुंद टायर म्हणजे जास्त पकड'. यांपैकी सुरक्षित कोणता, ट्यूब घालावी की नाही, आणि पुस्तिकेत दिलेलीच हवा रेडियललाही चालेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

त्रिकोणमिती:
आधी आकडेमोड करून पाहू, म्हणजे तिसरा पर्याय आपोआप बाद होईल. जुन्या मापात रुंदी इंचांत असते, म्हणजे ५.६० इंच किंवा सुमारे १४२ मिलिमीटर, आणि १५ हा रिमचा व्यास. त्या मापाच्या जागी येणाऱ्या, १६५ आर १५ असे लिहिलेल्या रेडियलवर भिंतीच्या उंचीचे रुंदीशी प्रमाण (१६५/८० मधील ८० टक्के) छापलेले नसते, ते सुमारे ८२ टक्के धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने टायरचा एकूण व्यास ३८१ अधिक २७१, म्हणजे ६५२ मिलिमीटरच्या आसपास येतो. १६५/८० चा व्यास ६४५ येतो, म्हणजे फरक एक टक्क्याच्या जवळपास, जो दुर्लक्ष करण्याजोगा आहे. १९५/६५ चा व्यास ६३५ भरतो. तो पावणेतीन टक्क्यांनी कमी असल्यामुळे काटा १०० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ९७ च्या वेगाने धावत असेल आणि इंजिन त्याच वेगासाठी अधिक फिरेल.

हा फरकही एक वेळ चालवून घेता आला असता. खरी अडचण रिमच्या रुंदीची आहे. १९५/६५ आर १५ साठी टायरउत्पादकांच्या तक्त्यांत साडेपाच ते सात इंच रुंदीची रिम सांगितलेली असते आणि आपली रिम चार इंचांची आहे. अशा अरुंद रिमवर तो टायर बसवल्यास दोन्ही बीड (रिमवर बसणाऱ्या टायरच्या तारयुक्त कडा) आत ओढले जातात, भिंती बाहेर फुगतात आणि नक्षीचा मधला पट्टाच रस्त्याला नीट टेकतो. जास्त पकडीसाठी घेतलेला टायर त्यामुळे कमी पकड देतो आणि वळणावर बीड सरकण्याची भीतीही वाढते. १६५/८० साठी मात्र चार ते साडेपाच इंच रुंदी मान्य आहे, त्यामुळे आपली रिम त्या मर्यादेच्या अगदी खालच्या टोकाला का होईना, पण आत बसते.

भार आणि वेग यांची चिंता या गाडीत फारशी नाही. १६५ आर १५ वर बहुधा ८६ किंवा ८७ हा भारांक (टायर किती वजन पेलतो याचा सांकेतिक आकडा) असतो. ८६ म्हणजे एका टायरवर ५३० किलो. वेगासाठी 'एस' हे अक्षर १८० किलोमीटरपर्यंत आणि 'टी' १९० पर्यंत असते, तर आपली गाडी १२० च्या पलीकडे क्वचितच जाते.

पानाहातोडी:
वरील हिशेब योग्य आहे. मी रिम आणि ट्यूब यांविषयी लिहितो, कारण लोक टायरच्या भिंतीवरील आकडे बारकाईने वाचतात आणि ज्या लोखंडावर तो टायर बसणार आहे त्याकडे पाहतही नाहीत.

आजच्या रिमच्या आतल्या बाजूला, बीड जिथे बसतो त्याच्या लगत, एक उंचवटा असतो. हवा कमी झाली किंवा वळणावर टायरवर आडवा जोर आला तरी बीड त्या उंचवट्यापलीकडे सहजासहजी सरकत नाही. त्या काळातल्या अनेक रिमांना हा उंचवटा नाही. टायर काढल्यावर रिमच्या कडेवरून बोट फिरवून पाहा. कड सपाट लागली तर टायर ट्यूबलेस असला तरी त्यात ट्यूब घालणेच शहाणपणाचे. जुन्या रिमवर गंज आणि खड्डे असले तर ट्यूबशिवाय हवा टिकतही नाही. तारेच्या आऱ्यांच्या चाकांना ट्यूब आणि रिमपट्टी दोन्ही लागतात, पण तो आपला प्रश्न नाही.

ट्यूब नवीनच घ्यावी. वापरलेली ट्यूब ताणून मोठी झालेली असते, ती नव्या टायरमध्ये दुमडते आणि त्या घडीवरच फाटते. रेडियलसाठी बनवलेली आणि टायरच्या मापाची ट्यूब मागावी. टायरच्या आत कागदी लेबल चिकटवलेले असले तर ते खरवडून काढून आत टाल्कम लावून घ्यावे; ते लेबल तसेच राहिले तर ट्यूबला घासत राहते. व्हॉल्व्हचे भोकही मोजावे. साडेअकरा मिलिमीटरच्या भोकासाठीचा व्हॉल्व्ह सोळा मिलिमीटरच्या भोकात बसवला तर तो हलत राहतो आणि बुडाशी ट्यूब चिरते.

याच वेळी रिम उघडी करून घासून घ्यावी आणि बोल्टांच्या भोकांभोवती, तसेच मधली तबकडी कडेला जिथे जोडलेली आहे तिथे, तडे आहेत का ते उजेडात पाहावे. तडा दिसला तर वेल्डिंग करून भागवू नये, रिम बदलावी. आणखी एक बारीक अडचण अशी, की आपल्या चाकाचे पाच बोल्ट २०५ मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत आणि मधले भोक मोठे आहे, त्यामुळे बॅलन्सिंगच्या नेहमीच्या यंत्राचा शंकू त्याला धरत नाही. योग्य अडॅप्टर आहे का, हे आधी विचारून मगच चाके काढावीत.

संथगती:
मी क्रॉसप्लायची बाजू मांडतो, निदान ती ऐकून तरी घ्यावी. त्या गाडीचे स्टिअरिंग आणि सस्पेन्शन त्याच टायरांवर बेतलेले होते. १९६६ च्या बीटलला मागे स्विंग अ‍ॅक्सल आहे, म्हणजे प्रत्येक मागचे चाक आपल्या अर्ध्या अ‍ॅक्सलसह मधल्या सांध्याभोवती वरखाली झुलते. वळणावर मागचे चाक आतल्या बाजूला दुमडू पाहते आणि मागच्या टायरची पकड जितकी जास्त तितका हा दुमडण्याचा जोर वाढतो. क्रॉसप्लाय लवकर आणि हळूहळू घसरतात, त्यामुळे चालकाला आधीच इशारा मिळतो. संग्राहकांसाठी मूळ मापाचे नवे क्रॉसप्लाय अजूनही तयार होतात. गाडी कमी वेगाने आणि कमी अंतर चालवायची असेल तर ते मुळीच वाईट नाहीत. मात्र सरळ रस्त्यावरही ते खाचेचा माग धरतात आणि ओल्या रस्त्यावर रेडियल त्यांच्या पुढे आहेत, हे मान्य करावे लागेल. आपली मुख्य तक्रार ओल्या रस्त्याचीच असल्यामुळे मीही १६५ रेडियलच सुचवीन, पण त्याहून रुंद काहीही नाही.

दोन्ही प्रकार मिसळू नयेत. एकाच अ‍ॅक्सलवर एक रेडियल आणि एक क्रॉसप्लाय कधीही चालणार नाही. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय हे तर सर्वांत धोकादायक, कारण पुढची चाके रस्ता धरून ठेवतात आणि मागची सुटतात. इंजिनाचे वजन मागे असलेल्या गाडीत ती शेपटी सावरणे फार कठीण जाते. चारही आणि पाचवा स्टेपनीचा, असा एकच संच घ्यावा.

हवेविषयी सांगायचे तर क्रॉसप्लायचे आकडे रेडियलला लावू नयेत. बीटलसाठी त्या काळी क्रॉसप्लायला पुढे सुमारे १६ आणि मागे २४ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक), तर रेडियलला १८ आणि २७ असे आकडे दिले जात. पुढची हवा कमी ठेवणे हा निष्काळजीपणा नसून मुद्दाम केलेली योजना आहे, त्यामुळे मागच्याआधी पुढची चाके रस्ता सोडतात. हवा भरणारा माणूस चारही चाकांत सवयीने ३२ भरतो, त्याला तिथेच थांबवावे.

वातशीत:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. १९५/६५ चा विचार सोडला आहे. आता अडचण अशी आहे की एका परिचितांकडे १६५ आर १५ चा न वापरलेला संच अनेक वर्षे तसाच ठेवलेला आहे. नक्षी पूर्ण आहे, भेगा नाहीत. तो घ्यावा का?

पानाहातोडी:
आधी टायरच्या भिंतीवर 'डीओटी' या अक्षरांपुढील क्रमांक शोधावा. त्याच्या शेवटी चार आकडे असतात. २४१९ असेल तर २०१९ मधील चोविसावा आठवडा. शेवटी तीनच आकडे असले तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे आणि पुढे काही पाहण्याची गरज नाही. पूर्ण क्रमांक अनेकदा एकाच भिंतीवर असतो, म्हणून दोन्ही बाजू पाहाव्यात. हेच कारण आहे की बसवलेल्या टायरची तारीख बाहेरून दिसली नाही तर ती आतल्या बाजूला असू शकते.

रबर वापराशिवायही कडक होते आणि थरांमधील चिकटपणा आतल्या आत कमी होतो. बाहेरून भेग दिसलीच पाहिजे असे नाही. काही मोठे उत्पादक स्वतःच निर्मितीपासून दहा वर्षांनंतर टायर बदलावा असे सांगतात, मग नक्षी कितीही शिल्लक असो. त्यामुळे तारीख तीन-चार वर्षांतली असेल आणि टायर अंधारात, थंड जागी ठेवलेले असतील तर घ्यावेत. दहाच्या जवळ असतील तर फुकटही नकोत. हे माप पोर्श ३५६ आणि व्होल्व्हो अमेझॉनलाही लागते, म्हणून नवे बनवणारे अजून आहेत आणि जुन्या साठ्यावर अवलंबून राहण्याची वेळ आपल्यावर आलेली नाही.

त्रिकोणमिती:
स्टेपनीविषयी एक जोड. बीटलच्या काही वर्षांच्या मॉडेलमध्ये काच धुण्याच्या पाण्याला दाब स्टेपनीतील हवेने दिला जातो. आपल्या गाडीत तशी नळी असेल तर स्टेपनीत रस्त्यावरच्या चाकांपेक्षा जास्त हवा ठेवावी लागते आणि ते चाक बसवल्यावर ती लगेच कमी करावी लागते. नव्या संचाबरोबर ती नळी आणि तिचा व्हॉल्व्हही तपासून घ्यावा.