काराझुरीला मराठीत 'कोरा ठसा' चालेल का?

रेघोटी: जपानी चित्रकार त्सुकिओका कोग्योच्या 'नोगाकु झुए' (१८९७–१९०२) या, नो नावाच्या जपानी मुखवटानाट्यावरच्या, लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रमालिकेची ओळख मराठीत लिहिते आहे. पोशाखावर रंग न लावता नुसता ठसा दाबून नक्षी उमटवली, की जपानीत काराझुरी म्हणतात. मी 'कोरा ठसा' लिहिलं. संपादक म्हणतात, कोरा म्हणजे न वापरलेला. दुसरं काय लिहू?

बिनरंगी: कोरा चहा म्हणतोच ना? दुधाशिवाय चहा, तसा रंगाशिवाय ठसा. राहू द्या.

समासप्रिय: 'उठावमुद्रण' करा. शास्त्रीय आणि नेमकं.

खाचखळगा: नेमकं अजिबात नाही. कागद कोरलेल्या लाकडी फळीवर पालथा घालून पाठीवरून बारेनने, म्हणजे घासायच्या चपट्या गोल गादीने, घासतात. त्यामुळे लाकडाची उंच रेघ चित्राच्या दर्शनी बाजूने आत दबते. काराझुरीत उठाव नसतो, दाब असतो. फळीत खळगा कोरून ओलसर कागद त्यात कोपराने दाबला, तर पुढून फुगवटा येतो; ती किमेदाशी. बर्फ, पक्ष्यांची पिसं अशी करतात. कागद कोरडा असला तर नक्षी धरत नाही आणि पुढे आणखी रंग घासायचे राहिले तर ती चपटी होते, म्हणून हे काम शेवटी.

समासप्रिय: मग 'दाबमुद्रण'. आणि फळी कसली? 'काष्ठफलक' म्हणा.

बिनरंगी: फलक म्हणजे रस्त्यावरची पाटी! फळीच बरी. 'ठसा' मात्र घोळाचा: ठसा कोरतात आणि उमटतो तोही ठसाच.

खाचखळगा: म्हणूनच मी रेघांची फळी, रंगाची फळी म्हणतो. रानचेरीच्या लाकडाची. प्रत्येकीवर केंतोच्या, म्हणजे कागद नेमक्या जागी बसवायच्या खुणेच्या, दोन खाचा, एक कोपऱ्यात काटकोनी, दुसरी त्याच कडेला सरळ. कागद त्यांना टेकवून सोडायचा. मधेच तो वाळून आकसला तर खाचा अचूक असूनही रंग रेघेबाहेर जातो.

समासप्रिय: छापखान्यात यालाच रजिस्टर म्हणतात. मराठीत 'जुळणी' हवं.

बिनरंगी: जुळणी खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या अक्षरांची! तो शब्द आधीच अडकलाय.

रेघोटी: 'दोजोजी' या नो नाटकाच्या चित्राखाली 'मंचावर टांगलेली घंटा' लिहिलंय, तेवढं तरी बरोबर ना?

समासप्रिय: घंटेला आत लोळा लागतो. जपानी देवळातली बाहेरून ओंडक्याने वाजवतात. 'तास' म्हणा.

खाचखळगा: तास चपटी असते. ही पोकळच हवी. नट खाली पडत्या घंटेत उडी घेतो, आत एकटाच मुखवटा नि पोशाख बदलतो आणि हान्न्या, म्हणजे शिंगं असलेली राक्षसीण, होऊन बाहेर येतो. घंटाच लिहा.