मदत हवी आहे: गुडघेदुखी असलेल्या आईला सिंधुदुर्ग किल्ला झेपेल का?

दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन मालवणला चाललोय. आईचे गुडघे दुखतात, पण सिंधुदुर्ग बघायचाच म्हणते. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे, शिवराजेश्वर मंदिर, सगळं. जेट्टीवर होडीत चढता-उतरताना कितपत त्रास होतो? होडी हलत असताना हात धरायला कोणी असतं का? ओहोटीला पलीकडे वाळूतून किती चालावं लागतं? भरतीची वेळ साधून गेलेलं बरं का?

देवबागला कर्ली नदीचा समुद्राशी होणारा संगम बघायचाय, त्सुनामी आयलंडची गर्दी मात्र नको. स्कूबाचं तर नावच नको! बाबांना रॉक गार्डनला सूर्यास्त मिळाला की झालं.

मुक्काम तारकर्लीत करावा की मालवणातच? आणि हो, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं नि सोलकढी घरगुती चवीची कुठे मिळेल?