नायरा कोसळला, फीचा हप्ता कोणी सोसायचा?

तळ्यातमळ्यात: फी थकली म्हणून इंग्लंडातल्या मिडल्सब्रोच्या टीसाइड विद्यापीठाने काही नायजेरियन विद्यार्थ्यांची नावं पटावरून काढली आणि त्यांना देश सोडायला सांगितलं गेलं. मे २०२४ची बातमी. जून २०२३मध्ये नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने नायराचा, म्हणजे तिथल्या चलनाचा, दर बाजारावर सोपवला. त्याआधी डॉलरला साधारण ४६० नायरा पडत, फेब्रुवारी २०२४मध्ये दीड हजाराच्या वर. घरची पुंजी तेवढीच, पण तिचे पौंड आता एक तृतीयांश. घरमालक थोडाच भाडं तिसऱ्या हिश्शावर आणतो? विद्यापीठाने थांबायला हवं होतं.

हिशेबी: असहमत. खर्च पौंडात आहे हे जाताना माहीत नव्हतं? व्हिसासाठी लंडनबाहेर महिना १,०२३ पौंड, असे नऊ महिन्यांचे पैसे दाखवावे लागत, ते उगाच? २०१३मध्ये मे महिन्यात ५५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २८ ऑगस्टला ६८च्या पुढे गेला. अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या आईबापांनी दागिने गहाण टाकले, वाढीव कर्ज काढलं. फी कोणी माफ केली नाही.

तळ्यातमळ्यात: माफी कोण मागतंय? मुदत म्हणतोय. आणि रुपया तेव्हा पाव हिश्शाच्या आतच घसरला होता, इथे खर्च तिप्पट झाला. तिप्पट दागिने कुठून आणायचे?

लेस्टरकर: इथे इंग्लंडातच राहतो म्हणून सांगतो. बँकेत पैसे २८ दिवस दाखवले की व्हिसाचं काम झालं, पण ते असतात नायरातच. पुढे दर कोसळला तर तो कागद काय कामाचा? इथे जामीन राहणारं कोणी नसेल तर तेव्हा घरमालक सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायचे, म्हणजे हाताशी असलेले पौंड तिथेच संपले. नोकरी करावी तर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा. तेवढ्यात किराणा निघतो, फी नाही.

हिशेबी: ते सगळं खरं असलं तरी फी थकली की गृहखात्याला कळवणं विद्यापीठाला भाग आहे, असं त्यांचंच म्हणणं होतं. परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना धोक्यात घालायचा का? शिवाय त्याच काळात बाकीच्यांनी भरलीच ना फी!

सडेतोड: दोघेही मुद्द्याला बगल देताय. बीबीसीच्या बातमीत होतं की विद्यापीठाने फीचे सात हप्ते होते ते तीनवर आणले. चलन गडगडत असताना हप्ता मोठा करायचा आणि मग थकबाकीदार म्हणायचं! परवान्याचा मुद्दा त्यानंतर येतो.

हिशेबी: हप्त्यांचं मान्य, ते चुकलंच. तरी बुडीत फी शेवटी पुढच्या वर्षीच्या परदेशी पोरांकडूनच वसूल होणार, हे लक्षात ठेवा.

लेस्टरकर: ती वसुली तशीही चालूच आहे, साहेब. इंग्लंडात स्थानिक मुलांची फी २०१७पासून २०२५पर्यंत ९,२५० पौंडांवर गोठलेली होती. वाढता खर्च आणि ही गोठलेली फी यांच्या मधली तूट कोणाच्या फीतून भरली गेली?