ॲलन होल्ड्सवर्थच्या मुलाखती वाचून गोंधळलोय, हा माणूस स्वतःबद्दल इतकं वाईट का बोलायचा?

सहातारा_सांगली:
नमस्कार मंडळी. गेले दोन महिने होल्ड्सवर्थ, म्हणजे तो ब्रिटिश जॅझ-रॉक गिटारवादक, सोडून दुसरं काही ऐकलं नाहीये. सुरुवात त्याच्या 'मेटल फटीग' अल्बमपासून झाली, मग मागे जात जात ड्रमवादक टोनी विल्यम्सबरोबरचा १९७५ चा 'बिलीव्ह इट' पण ऐकला. आता त्याच्या जुन्या मुलाखती मिळतील तशा वाचतोय, मुख्यतः गिटारच्या मासिकांतल्या. आणि प्रत्येक ठिकाणी एकच दिसतं, मुलाखत घेणारा भरभरून कौतुक करतो आणि हा म्हणतो की मला तो सोलो ऐकवत नाही, त्यात नुसत्या चुका ऐकू येतात. हा विनय आहे का खरंच त्याला तसं वाटायचं? आणि शिकायच्या दृष्टीने या मुलाखतींतून काय घ्यावं? मी क्लासला जात नाही, घरीच वाजवतो, म्हणून विचारतोय.

जुनाअंक:
मित्रा, छान विषय काढलास. नव्वदच्या दशकात मी फोर्टात नोकरीला होतो तेव्हा फ्लोरा फाउंटनजवळच्या फुटपाथवर परदेशी गिटार मासिकांचे जुने अंक मिळायचे, कव्हर फाटलेलं असलं तर स्वस्तात, तिथेच मला त्याची पहिली मुलाखत वाचायला मिळाली आणि मलाही हाच प्रश्न पडला होता. इतकी वर्षं वाचून माझं मत असं झालंय की विनय वगैरे नाही, त्याला खरंच तसंच ऐकू यायचं. तो ज्यात होता त्या 'यूके' बँडचं बघ. १९७८ चा अल्बम, त्यातल्या 'इन द डेड ऑफ नाइट' गाण्यातला सोलो लोकांना तोंडपाठ, बँडमधल्या बाकीच्यांचं म्हणणं की कार्यक्रमात पण रेकॉर्डवरचाच सोलो वाजव. ह्याला ते जमेना, पटेना, कारण सोलो म्हणजे त्या क्षणी सुचेल ते. वर्ष संपायच्या आत बँड सुटला. ज्याला कालचं वाजवलेलं आज परत वाजवायचं नाही त्याला कालचं रेकॉर्डिंग कसं आवडणार?

प्रेसचा मात्र मला राग आहे. ठरलेला साचा असायचा, गिटारवादकांचा गिटारवादक, प्रसिद्ध रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनचा लाडका, आणि पैशाची तंगी. एडीने वॉर्नर ब्रदर्स या रेकॉर्ड कंपनीकडे शब्द टाकला म्हणून 'रोड गेम्स' निघाला हे खरंच आहे, १९८३ ची छोटी रेकॉर्ड, ग्रॅमी नामांकन पण मिळालं. पण तिच्या निर्मितीवरून मतभेद झाले आणि कंपनीशी नातं तिथेच संपलं. त्याआधी १९७६ ला 'वेल्वेट डार्कनेस' चं तर आणखी वाईट, त्याच्या म्हणण्याप्रमाणे तालीम म्हणून वाजवलेलं रेकॉर्ड करून त्याला न विचारता बाजारात आणलं. तो विषय निघाला की मुलाखतीत सुद्धा त्याचा राग दिसतो. हे सगळं छापून यायचं, पण त्याच्या कॉर्ड्स कशा तयार होतात यावर चार ओळी. एप्रिल २०१७ मध्ये तो गेला तेव्हा अंत्यसंस्कारासाठी चाहत्यांनी ऑनलाइन पैसे गोळा केले, एक लाख डॉलरच्या वर जमले. वाचून बराच वेळ सुन्न बसून होतो.

मेरुखंड:
कॉर्ड्सचा मुद्दा निघाला म्हणून लिहितो. सहातारा, तू स्केलबद्दल तो जे बोललाय ते शोधून वाच. आजोबांकडून, ते पियानो वाजवायचे, त्याने कान घेतला पण पद्धत स्वतःची काढली. बारा स्वरांतून पाच, सहा, सात, आठ स्वरांचे जितके गट होतील तितके कागदावर मांडायचे, आणि ज्यात चारपेक्षा जास्त स्वर सेमीटोनच्या, म्हणजे अर्ध्या स्वराच्या, अंतराने सलग येतात ते टाकून द्यायचे. म्हणजे सा, कोमल रे, शुद्ध रे, कोमल ग, शुद्ध ग असे पाच सलग आले की तो गट बाद. सा धरून सात स्वरांचे एकूण ४६२ गट होतात, चाळणी लावून त्यातले काही जातात. त्याच्या लेखी कॉर्ड म्हणजे त्या स्केलचेच काही स्वर एकत्र वाजलेले, त्यामुळे नेहमीची नावं न वापरता तो स्वतःच्या खुणा वापरायचा.

रागसंगीतवाला_पुणे:
हे तर आपलं मेरुखंडच झालं की! भेंडीबाजार घराण्यात हेच करतात ना?

मेरुखंड:
जवळचं आहे पण तेच नाही. आपल्या मेरुखंडात स्वर ठरलेले आणि क्रम बदलतो, सात स्वरांचे ५०४० क्रम. त्याचा प्रश्न क्रमाच्या आधीचा आहे, मुळात कुठले स्वर निवडायचे. इथे हे टोपणनाव घेताना माझ्याही डोक्यात आधी तुमच्यासारखंच आलं होतं.

जुनाअंक:
आणखी एक, सॅक्सोफोन. त्याला वाजवायचा होता सॅक्सोफोन, हातात आली गिटार, हे तो परत परत सांगतो. ते डोक्यात ठेवून वाचलंस तर बाकीचं सगळं जुळतं, व्हॉल्यूम पेडलने स्वराची सुरुवात झाकणं, तारेवरचा आघात ऐकूच येऊ नये ही धडपड, आणि पुढे सिंथॲक्स, म्हणजे गिटारसारखं वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, ज्यात फुंकरीने आवाज कमीजास्त करता यायचा. ऐंशीच्या दशकातले मुलाखतकार त्या यंत्राच्या बटणांबद्दल विचारत बसले, ते त्याला कशासाठी हवं होतं हे फार थोड्यांनी विचारलं.

सहातारा_सांगली:
काका आणि मेरुखंड, दोघांचे मनापासून आभार. काल एका मुलाखतीत वाचलं की तो पुल-ऑफ, म्हणजे दाबलेलं बोट तार ओढत काढून खालचा स्वर वाजवणं, करायचाच नाही, तार बाजूला ओढली की येणारा तो म्याँव आवाज त्याला नको असायचा, म्हणून बोट सरळ वर उचलायचा. रात्री तासभर तेच केलं. पहिली तीन बोटं ठीक, करंगळी उचलली की पुढचा स्वर मरतो.

मेरुखंड:
उचलणाऱ्या बोटाकडे बघू नकोस, खालचं बोट आधीपासून घट्ट बसलंय का ते बघ. मेट्रोनोम ६० वर, एका ठोक्याला एक स्वर, डिस्टॉर्शन बंद. आठवडाभर करून इथेच लिही.