रिफंड ‘फेल्ड’ दाखवतंय, खातं तर चालू आहे

अनुस्वार
आईचं (वय ६९, फॅमिली पेन्शन आणि एफडीचं व्याज) आकारणी वर्ष २०२५-२६ चं आयकर रिटर्न १० सप्टेंबरला कर सल्लागारांनी भरलं. त्याच दिवशी आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय झालं. १४३(१) ची सूचना (रिटर्न तपासून आयकर खातं पाठवतं ती) आली, त्यात १८,४६० रुपये रिफंड मान्य आहे. आता स्टेटस ‘रिफंड फेल्ड’.
दोन अडचणी आहेत. एक, त्याच खात्यात दर महिन्याला पेन्शन व्यवस्थित जमा होते, मग रिफंडच का परत जावा? दोन, आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल दोन्ही सल्लागारांचे आहेत, पासवर्डही त्यांच्याकडेच, आणि ते फोन उचलत नाहीत.

खतावणी
आधी लॉगिन ताब्यात घ्या, बाकीचं सगळं त्यानंतर. सल्लागारांची गरज नाही. आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय झालं, म्हणजे आईंच्या आधारला चालू मोबाइल जोडलेला आहे आणि पॅनशी आधार लिंक आहे. एवढं पुरेसं आहे.
लॉगिन पानावर पॅन टाका, पुढच्या पानावर ‘फरगॉट पासवर्ड’. तिथे पर्याय विचारतात, त्यात आधारला जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी निवडा. पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल निवडलात तर ओटीपी पुन्हा सल्लागारांकडेच जाईल. ओटीपी १५ मिनिटं चालतो, त्यामुळे आईंचा फोन हातात घेऊनच बसा. नवीन पासवर्ड ठेवून आत गेलात की लगेच ‘माय प्रोफाइल’मध्ये संपर्काचा तपशील बदला. मोबाइल आणि ईमेल दोन्ही बदला. एकच बदलला तर निम्मी पत्रं जुन्याच पत्त्यावर जात राहतात. यात ओटीपी नव्या नंबरवर आणि नव्या ईमेलवर येतात, जुन्यावर नाही.
मग ‘माय बँक अकाउंट’ उघडा. खातं फेल्डच्या यादीत आहे का, आणि असल्यास कारण काय दिलंय, ते इथे लिहा. घाईघाईने ‘रिफंड रीइश्यू’ (रिफंड पुन्हा पाठवण्याची विनंती) टाकू नका.

चौथा_शनिवार
पेन्शन येते म्हणून रिफंडही येईल, हा हिशोब चुकतो. पेन्शन किंवा साधी एनईएफटी खाते क्रमांकावर जमा होते, तिथे पॅन कोणी बघत नाही. रिफंडच्या खात्याचं प्री-व्हॅलिडेशन (आधीची पडताळणी) होतं तेव्हा खाते क्रमांक, आयएफएससी, पॅन आणि नाव बँकेच्या नोंदीशी ताडून पाहतात. यातलं काहीही अडलं तरी गाडी थांबते.
नेहमीची कारणं सांगतो. बँकेचं विलीनीकरण झालं आणि पोर्टलवर जुना आयएफएससी राहिला (देना बँक २०१९ मध्ये बडोदा बँकेत गेली, सिंडिकेट २०२० मध्ये कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, जुनी पासबुकं अजून घरोघरी आहेत). पासबुकावर ‘पाटील एस. आर.’ आणि पॅनवर ‘सुनंदा रामचंद्र पाटील’. किंवा पॅनवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं.
सगळ्यात छुपं कारण म्हणजे दोन कस्टमर आयडी. एफडी करताना नवा आयडी निघतो, पॅन त्याला चिकटतो आणि वीस वर्षांपूर्वीचं बचत खातं बिनपॅनचंच राहतं. म्हणून शाखेत ‘केवायसी झालंय का’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च मिळेल. ‘या खात्याच्या कस्टमर आयडीला पॅन फीड आहे का, आणि नाव कसं लिहिलंय ते स्क्रीनवर दाखवा’ असं विचारा.

अनुस्वार
लॉगिन झालं, मोबाइल-ईमेल बदलले. खातं फेल्डमध्ये आहे, कारण पॅन जुळत नाही. पासबुक नीट पाहिलं तर खातं जॉइंट आहे : पहिलं नाव बाबांचं (ते २०२३ मध्ये गेले), दुसरं आईचं. म्हणजे पॅन बाबांचा असणार. आईचं दुसरं खातं गावच्या पतसंस्थेत आहे, ते चाललं असतं का?

चौथा_शनिवार
मग गाठ सापडली. मृत्यूचा दाखला देऊन बाबांचं नाव कमी करून घ्या आणि आईंचा पॅन त्या खात्याला लावून घ्या. हे कधीतरी करावंच लागणार आहे.
पतसंस्था चालणार नाही. ती सहकार खात्याकडे नोंदलेली संस्था आहे, बँक नाही. तिला स्वतःचा आयएफएससी नसतो. नागरी सहकारी बँक चालते, पोर्टलवर तिचा आयएफएससी टाकल्यावर बँकेचं नाव आपोआप आलं म्हणजे झालं. पीपीएफचं किंवा कर्जाचं खातंही देता येत नाही.
शाखा नाव बदलायला वेळ लावत असेल तर आईंच्या एकटीच्या नावाचं साधं बचत खातं उघडा, नाव पॅनवर जसं आहे अक्षरशः तसंच.

खतावणी
बँकेने पॅन फीड केल्यावर दोनेक दिवस जाऊ द्या, मग पोर्टलवर ‘रीव्हॅलिडेट’ करा (नवं खातं असेल तर ‘अॅड बँक अकाउंट’). ‘व्हॅलिडेटेड’ असं दिसलं की शेजारचं ‘नॉमिनेट फॉर रिफंड’चं बटण चालू करा. हे बटण लोक हमखास विसरतात. त्यानंतरच ‘सर्व्हिसेस’मधून ‘रिफंड रीइश्यू’, आकारणी वर्ष निवडा, खातं निवडा, आधार ओटीपीने व्हेरिफाय करा. क्रम उलटा केलात तर त्याच कारणाने पुन्हा फेल होईल.
दर दोन दिवसांनी नवी विनंती टाकायच्या फंदात पडू नका. पैसे आले की एआयएसमध्ये (पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरण) रिफंडच्या भागातही नोंद दिसते.
रिफंडवरच्या व्याजाचं म्हणाल तर आयकर कायद्याच्या कलम २४४ए खाली महिन्याला अर्धा टक्का मिळतं, रिटर्न मुदतीत भरलं असेल तर १ एप्रिलपासून. पण रिफंड एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर व्याज नाही, आणि आपल्या बाजूने झालेल्या उशिराचं मागता येत नाही. जे मिळेल ते पुढच्या वर्षी ‘इतर उत्पन्ना’त दाखवायचं.

कोपऱ्यातला_कारकून
एक राहिलं. लॉगिन आता हातात आहेच, तर ‘पेंडिंग अॅक्शन्स’मध्ये जुनी थकबाकी दिसते का बघून घ्या. इतकी वर्षं पत्रं सल्लागारांच्या ईमेलवर जात होती, त्यात कलम २४५ ची नोटीस (जुनी थकबाकी रिफंडमधून वळती करण्याची) आली असेल तर तुम्हाला कळलंच नसणार. उत्तराला २१ दिवस असतात. मागणी चुकीची असेल तर ‘डिसॅग्री’ करून चलनाचा तपशील द्यायचा. गप्प राहिलं की रिफंड तिकडे वळता होतो.
१४३(१) च्या पीडीएफचा पासवर्ड : पॅन इंग्रजी लहान (स्मॉल) अक्षरांत, लगेच पुढे जन्मतारीख आठ अंकांत, मध्ये जागा न सोडता.
आणि ‘रिफंड मंजूर, खातं व्हेरिफाय करण्यासाठी लिंक दाबा’ असा एसएमएस या दिवसांत आईंना आला तर उघडू नका. खातं पोर्टलच्या आत जाऊनच बदलायचं असतं, लिंकवरून नाही.