ऐकू येणाऱ्या बाळाला खुणा शिकवाव्यात का? आपापले अनुभव लिहा

धागालेखिका
काल भाचीचा फोन आला. तिचा मुलगा नऊ महिन्यांचा आहे आणि त्याला ‘बेबी साइन’, म्हणजे बोलू लागण्याआधी वापरायच्या हातांच्या खुणा, शिकवावे की नाही, यावर ती गेले पंधरा दिवस वाचते आहे. तिचे बोलणे ऐकताना मला आमचे सॅन होजेचे दिवस आठवले. माझी मुलगी दहा महिन्यांची असताना मी तिला अमेरिकन सांकेतिक भाषेतली ‘दूध’ ही खूण शिकवत होते : धार काढताना करतात तशी मूठ मिटायची आणि उघडायची. महिनाभर काहीच घडले नाही. मग सासूबाई भारतातून येऊन दारात उभ्या राहिल्या आणि नेमकी त्याच क्षणी मुलीने मूठ उघडमीट करायला सुरुवात केली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, मी आत्ता तर आले, आणि ही मला टाटा करून वाटेला लावते आहे!”

मी शिकवले ते निव्वळ उत्साहाने. वाचन नंतर झाले. कॅलिफोर्नियातल्या लिंडा अ‍ॅक्रेडोलो आणि सुसान गुडविन या मानसशास्त्रज्ञांनी ही कल्पना घराघरांत नेली. फूल दिसले की अ‍ॅक्रेडोलो यांची लहानगी हुंगल्यासारखे करी, तिथून त्यांचे कुतूहल सुरू झाले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात खुणा शिकलेली मुले बोलण्यात काहीशी पुढे दिसली होती. परंतु २०१३ साली इंग्लंडमधील एलिझाबेथ कर्क आणि सहकाऱ्यांनी ४० बाळांचा आठव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत मागोवा घेतला, तेव्हा भाषेच्या वाढीत असा लाभ आढळला नाही. खुणा शिकवणाऱ्या आया मात्र बाळाच्या न बोललेल्या इशाऱ्यांना अधिक प्रतिसाद देताना दिसल्या. माझ्यापुरते हे खरे आहे, कारण त्या काळात मी तिच्या हातांकडे जितके पाहिले तितके पुढे कधीच पाहिले नाही.

नागपूरची आजी
आमच्याकडे याला नाव नव्हते, इतकेच. ‘जयजय कर’, ‘चिऊ भुर्र’, ‘चांदोमामा कुठे आहे’, आणि वाटी रिकामी झाली की दोन्ही तळवे उलटे करून ‘संपलं’. माझा नातू ‘संपलं’ हे वाटी भरलेली असतानाही करीत असे, विशेषतः दुधीची भाजी असली की.

ठाण्याहून
माझ्या सासरी सर्वांना एकच धास्ती होती की, हाताने काम भागले तर मुलगा तोंड उघडणारच नाही. तसे काही झाले नाही. ‘आणखी’ची खूण त्याने ‘अजून’ म्हणता येऊ लागल्यावर तीन-चार आठवड्यांत सोडून दिली. आम्ही खूण करताना शब्दही प्रत्येक वेळी स्पष्ट उच्चारत होतो, हे मात्र सांगायला हवे.

कोल्हापूरकर
माझे आई-वडील दोघेही कर्णबधिर आहेत आणि मला ऐकू येते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझी पहिली भाषा हातांचीच होती. बोलणे मला आजीने शिकवले. धाग्यात ज्याला आपण सांकेतिक भाषा म्हणतो आहोत, त्या दहा-पंधरा सुट्या खुणा आहेत. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे : तिथे ‘काय’, ‘कुठे’ असे प्रश्नशब्द साधारणपणे वाक्याच्या शेवटी येतात आणि भुवया, खांदे, चेहरा हे सारे वाक्याचाच भाग असतात. अमेरिकन वर्णमाला एका हाताने दाखवतात, आपल्याकडची मुख्यतः दोन हातांनी. म्हणून इथे राहून शिकवायचेच असेल तर भारतीय खुणाच शिकवाव्यात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश उपलब्ध आहे.

एक गोष्ट मात्र मला सलते. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने कर्णबधिर मुलांना केवळ तोंडी पद्धतीने शिकवावे असा ठराव केला, आणि पुढे कित्येक दशके जगभरच्या शाळांतून खुणा हद्दपार झाल्या. माझ्या आईलाही शाळेत हात मांडीखाली दाबून बसवत असत. तीच गोष्ट आता ऐकणाऱ्या बाळांसाठी पैसे भरून शिकवली जाते, हे आईला सांगितले तेव्हा ती बराच वेळ हसली आणि मग तिने विचारले की, त्या वर्गांत शिकवणारी माणसे कर्णबधिर असतात का.

एक आई
माझा अनुभव वेगळा आहे. मुलगी खुणा इतक्या सफाईने करी की, हाकेला वळत नाही हे कोणाच्या ध्यानात आले नाही. ‘ती आपल्याच नादात असते’ असे घरातले आणि एक डॉक्टरही म्हणत राहिले. श्रवणदोषाचे निदान चौदाव्या महिन्यात झाले. श्रवणतपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्यापर्यंत सुरू व्हावेत, हा दंडक मला त्यानंतर कळला. भाचीला म्हणावे, खुणा शिकव अथवा शिकवू नकोस, तपासणीचा कागद आधी शोधून ठेव.

धागालेखिका
तिला आत्ताच कळवले. कागद सापडला आहे, तपासणी व्यवस्थित झालेली आहे. कोल्हापूरकर, तुमच्या आईच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर, मी गेले होते त्या वर्गात एकही कर्णबधिर व्यक्ती नव्हती, आणि ही गोष्ट मला तेव्हा खटकलीदेखील नव्हती.

नागपूरची आजी
कोल्हापूरकर, ‘वरणभात’ कसा दाखवायचा ते आईंना विचारून लिहाल का? नातू आता चौथीत आहे, पण मला शिकायचे आहे.